पान एकशे चौसष्ट

८ जानेवारी

आलं एकदाचं गळ्यात. पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना संशोधन कसं करायचं ते ऑनलाइन शिकवायचं, पाच भागांत, आणि करायचं कुणी? तर मी. "मॅडम, ग्रंथालयात डॉक्टरेट असलेल्या तुम्ही एकट्याच," असं साहेब म्हणाले. म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शिडी काढून घेतली.

सोबत संगणक विभागाचे एक गृहस्थ दिलेत. ते कुठलीही गोष्ट चौकटीत बसवतात. मी म्हटलं, ज्ञान म्हणजे काय ते आधी सांगू. ते म्हणाले, "मॅडम, एका चौकटीत चाळीस शब्द. आणि सहा मिनिटांच्या पुढे कुणी थांबत नाही." मी मनातल्या मनात त्यांचं नाव चौकटवाले ठेवलंय. रोजच्या कामाची नोंद ठेवा, अहवालाला लागेल, असंही त्यांनी बजावलंय. ती वही ऑफिसात आहे. ही माझी.

१२ जानेवारी

पाच भाग ठरले. प्रश्न कसा विचारायचा. शोधायचं कसं. सापडलेल्याची पारख. मूळ स्रोतापर्यंत पोचणं. आणि पाचवा, वाङ्मयचौर्य.

पाचवा सोपा आहे, असं चौकटवाले म्हणाले. इतर विद्यापीठांचे नमुने आहेत, थोडे बदल केले की झालं. वाङ्मयचौर्याचा धडा दुसऱ्याचा उचलायचा! हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी नुसती हसले.

इथे लिहायला काय हरकत आहे? माझा प्रबंध ताईच्या कामावर उभा आहे. वाचनालयातल्या पुस्तकांच्या समासात लोक पेन्सिलीनं काय काय लिहितात, ते ताईनं अकरा वर्षं गावोगाव फिरून कार्डांवर उतरवून घेतलं. नऊशे बारा कार्डं, आणि प्रकरणं लिहायला घेतलेली एक वही. मग ती गेली. तिची मुलगी सहा वर्षांची होती. भावोजींनी वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला, आणि पोर माझ्याकडे आली. मला बढती हवी होती, बढतीला डॉक्टरेट हवी होती. कार्डं घरात पडून होती. मी ताईचं काम पूर्ण केलं, इतकंच. माझ्या नावानं पूर्ण केलं, हे खरं.

हे कुणाला ठाऊक नाही. भाचीला तर नाहीच. आईची कार्डं, कागद तू आलीस त्याच वर्षी घर बदलताना भिजले, टाकून द्यावे लागले, असं मी तिला सांगितलंय. तिला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण ती गेली तर मी काय करू?

१९ जानेवारी

पहिला भाग तयार. आधी कुणावर तरी करून बघावा लागतो. भाची म्हणाली, "मी आहे की. घरचा उंदीर." ती यंदाच पीएच.डी.ला लागली आहे, म्हणजे तिला उपयोगही होईल. बरोबर उत्तर दिल्याशिवाय 'पुढे'चं बटण उघडत नाही, हे तिला अजिबात पटलं नाही. "मावशी, तू लहानपणी पोळी संपवल्याशिवाय उठू द्यायची नाहीस, तसंच आहे हे." एकंदरीत आवडला मात्र. आवाज माझाच आहे. चौकटवाले म्हणतात तो 'विश्वासार्ह' वाटतो.

२ फेब्रुवारी

आज दुसऱ्या भागाचं ध्वनिमुद्रण. विचित्र झालं.

समोर कागद होता, त्यावर '४७ नोंदी सापडल्या' असं होतं. मी वाचलं, चौऱ्याहत्तर. चौकटवाल्यांनी थांबवलं. पुन्हा वाचलं, पुन्हा चौऱ्याहत्तर! तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं तेव्हा कुठे सत्तेचाळीस आलं. पुढच्या पानावर पस्तीसच्या जागी त्रेपन्न. चष्मा बदलायला झालाय का, असं त्यांनी सौजन्यानं विचारलं. चष्म्याला काही झालेलं नाही. एकतीस वर्षं मी पुस्तकांचे दाखल-क्रमांक लिहितेय, माझा आकडा कधी चुकलेला नाही.

आकडे उलटे करायची ती ताई. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी बोलतो, तर ती लिहितानाही सात आधी लिहून मोकळी व्हायची. भाचीनं हीच खोड उचलली. शाळेत गणितात सारखी मार खायची, रडत घरी यायची. मी तिला मांडीवर घेऊन सांगायचे, अगं तुझी आईसुद्धा अशीच करायची, म्हणून काय ती ढ होती का? तेवढ्यानं ती गप्प व्हायची. आईबद्दल तिला माहीत असलेल्या चार गोष्टींतली ही एक.

परत येताना जिन्यात मागे कुणीतरी पुटपुटल्यासारखं वाटलं, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. वळून बघितलं तर जिना रिकामा. मीच पुटपुटत असणार.

१० फेब्रुवारी

चौथा भाग झकास जमतोय. स्वतःची पाठ थोपटून घेते.

कल्पना अशी. एखाद्या माणसानं मूळ पुस्तक न वाचता दुसऱ्याच्या लेखातली तळटीप उचलली, तर तिच्यातली चूकही सोबत उचलली जाते. पुस्तक दीडशे पानांचं आणि तळटीप म्हणते पान दोनशे, असं दिसलं की समजावं, हा इसम मूळ पुस्तकापर्यंत गेलेलाच नाही. आणि तीच चूक आधी कुणी केली ते शोधलं, की उचललं कुठून तेही कळतं. मी लिहिलं, 'खरं वाक्य कुणाचंही असू शकतं. चूक मात्र ज्याची त्याची असते.' चौकटवाल्यांनी चक्क मान डोलावली. चौकट मोठी करून देतो म्हणाले!

गृहपाठही मीच सुचवला. प्रत्येकानं विद्यापीठाच्या संग्रहातला एक प्रबंध निवडायचा आणि त्यातल्या तळटिपा मूळ पुस्तकाशी ताडून पाहायच्या.

घरी येऊन चहा ओतताना लक्षात आलं, की त्या संग्रहात माझाही प्रबंध आहे.

१२ फेब्रुवारी

चौकटवाल्यांना म्हटलं, यादीतून ग्रंथालय विभागाचे प्रबंध वगळू या, तांत्रिक असतात, मुलांना जड जातील. ते म्हणाले, "यादी आपोआप येते मॅडम, कुणाला वगळता येत नाही. तुमचाही आहे बघा, पहिल्याच पानावर." आणि मोठ्या कौतुकानं उघडून दाखवला.

दोनशे आठ पानं. किती वर्षांत हात लावला नव्हता. तळटिपा जशाच्या तशा ताईच्या कार्डांवरून घेतलेल्या. मूळ पुस्तकं मी कुठे बघितली होती? पोर लहान, वेळ कुठे होता?

१७ फेब्रुवारी

चौथ्या भागाची चाचणी परवाच भाचीकडे दिली. ती कुठला प्रबंध निवडणार हे मला सांगायची गरजच नव्हती. "तुझाच घेते. घरातल्या घरात." नाही कशी म्हणू? म्हटलं, त्यापेक्षा एखादा चांगला घे. ती म्हणाली, "का, तुझा वाईट आहे?"

आणखी एक. चौथ्या भागाचा कच्चा मसुदा मी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. आज पाहिलं तर 'चूक मात्र ज्याची त्याची असते' या ओळीसमोर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'कुणाची?' 'ण'चं शेपूट लांब, खाली वळवलेलं. ताई असाच 'ण' काढायची.

घरात आम्ही दोघीच. भाची सगळं मोबाइलवर लिहिते, पेन्सिल शेवटची कधी हातात धरली असेल कोण जाणे. आणि आईचं अक्षर तिनं पाहिलंय कुठे? मी खोडरबर घेऊन तो शब्द पुसला. ठसा राहिलाच.

२१ फेब्रुवारी

आज भाजी निवडताना भाचीनं सहज विचारलं, "मावशी, तुलाही आकड्यांचं होतं का गं? आईसारखं?"

"म्हणजे?"

"तुझ्या प्रबंधात एका पुस्तकातलं पान एकशे चौसष्ट दिलंयस. पुस्तक एकशे बावन्न पानांचं आहे. ते वाक्य सापडलं एकशे सेहेचाळीसवर. आणखी अकरा ठिकाणी असंच, सगळे उलटे."

मी म्हटलं, टंकलेखकाची चूक असेल. ती म्हणाली, "असेल." आणि शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "माझ्यासारखाच होता म्हणायचा टंकलेखक."

मी हसले. तीही हसली. तिला काही कळलेलं नाही. पण कार्डं सापडली तर लगेच कळेल.

२२ फेब्रुवारी

कार्डं मी ग्रंथालयातच ठेवली होती. तळघरात सूचीच्या कार्डांचं जुनं कपाट आहे, संगणक आल्यापासून कुणी उघडत नाही. कार्ड लपवायचं तर कार्डांतच. इतकी वर्षं हे सुचल्याचा मला अभिमान होता. पण भाची आता संशोधक, तळघराची परवानगी तिला मीच काढून दिलीय!

दुपारी दोनला बसले. सभासदांचे जुने अर्ज कापायचं यंत्र मागच्या खोलीत आहे. कार्ड जाड, एका वेळी दोनच जातात. शिपाई डोकावला, "मॅडम, राहू द्या, मी करतो." त्याला चहाला पिटाळलं.

वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण यंत्र तापतं, थांबतं, दहा मिनिटं गार होऊ द्यावं लागतं. त्या दहा मिनिटांत करणार काय? 'इथे लेखक थापा मारतोय.' 'हे आईनं मला आधीच सांगितलं होतं.' कुण्या बाईनं लिहिलेलं, 'दूध उतू गेलं. पुढचं उद्या.' आणि खाली कोपऱ्यात ताईनं स्वतःसाठी, 'हे धाकटीला दाखव, हसेल.'

दाखवलं होतं तिनं. मी हसले होते. आजही हसू आलं आणि मग रडू आलं, आणि यंत्र गार झालं होतं. ते कार्डही घातलं.

सहाला थांबले. चारशेच्या आसपास झाली. उरलेली उद्या, आणि वहीसुद्धा.

२३ फेब्रुवारी

संपलं. तीन पोती निघाली. शिपाई रद्दीत घेऊन गेला.

ताई, तुझ्या पोरीसाठीच केलं गं. तिला माझ्याशिवाय कोण आहे?

६ मार्च

दहा-बारा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतंही. झोप लागते. ऑफिसात सगळे म्हणतात, मॅडम, चेहरा उजळलाय.

फक्त आकडे. बसचा क्रमांक, घड्याळ, घराचा नंबर, काहीही सरळ वाचता येत नाही. काल डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं, मी पंचेचाळीस म्हटलं. त्या म्हणाल्या, "वा, वाटत नाही हो!" वाटणार कसं? चौपन्न आहे. पंचेचाळीस हे ताईचं वय. जाताना होतं ते.

पाचव्या भागासाठी चौकटवाले रोज फोन करतात. व्याख्या लिहिली, नियम लिहिले. उदाहरण सुचत नाही. "मॅडम, तुमच्या पाहण्यातलं एखादं द्या की, नाव नका घेऊ," म्हणाले. मी फोन ठेवला.

१४ मार्च

सकाळी भाचीनं समोर बसवलं. स्वतःच्या हातानं चहा करून दिला, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"मावशी, मला फेब्रुवारीतच कळलं. पहिली तळटीप ताडली तेव्हाच. मसुद्यावर लिहिलंही होतं मी, 'कुणाची?' म्हणून. तू पुसून टाकलंस."

"ते तू लिहिलंस?"

"मग काय भुतानं?"

मी तिला प्रबंधाचं सगळं सांगितलं. पाठच केलेलं असल्यासारखं भडाभडा बाहेर आलं. बढती, एकटीच्या पगारावर घर, शाळा, आजारपणं. पदवी परत करते म्हटलं. साहेबांना आजच पत्र देते, नोकरी गेली तर जाऊ दे. पाया पडते म्हटलं. ती ऐकून घेत होती. मध्येच तिनं हात वर केला.

"तुझी पदवी तू ठेव नाहीतर दे. मला त्याचं काय करायचंय? तू तेव्हा नोकरी केलीस म्हणून मी जगले, एवढं कळतं मला. मी महिनाभर गप्प का बसले माहितेय? मला वाटलं, चूक कार्डांवरून आली म्हणजे कार्डं होती. मूळ स्रोत होता. तूच शिकवलंस ना? म्हणजे ते कागद भिजले नव्हते. म्हणजे आईचं अक्षर कुठेतरी आहे. मला वाटलं, मावशी आपणहून आणून देईल. मी वाट बघत होते."

मी कप बशीत ठेवला.

"मी तिचं अक्षर कधी पाहिलं नाही, मावशी. एक ओळसुद्धा नाही. कुठायत कार्डं?"

मग मी सांगितलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "कधी?" मी तारीख सांगितली. भाजी निवडताना तिनं विचारलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिनं बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "म्हणजे मी विचारलं म्हणून." पिशवी भरली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. मी दारात उभी होते. तुझं अक्षर तिच्यासारखंच आहे, तुझा 'ण' अगदी तसाच आहे, हे सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही.

१५ मार्च

साहेबांना पत्र दिलं. ते म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांनी कशाला उकरताय? कुणाचं काय अडलंय?" मी म्हटलं, पत्रावर पोच द्या.

पाचव्या भागाला उदाहरण मिळालं. लिहून चौकटवाल्यांना पाठवलं, नावासकट. त्यांचा फोन आला. म्हणाले, "चौकटीत मावत नाही मॅडम. तसंच ठेवू का?" ठेवा म्हटलं.

तिचा फोन लागत नाही.

१७ मार्च

दुपारी भाची आली. मला वाटलं, उरलेलं सामान न्यायला आली. तिच्या हातात माझ्या प्रबंधाची छापील प्रत होती, ग्रंथालयातून रीतसर काढलेली. टेबलावर ठेवून तिनं पेन्सिल पुढे सरकवली.

"जे आईचं आहे, त्याच्यापुढे टिंब कर. मला एवढंच हवंय. प्रामाणिकपणे कर."

मी म्हटलं, तिसरा हिस्सा तरी माझा निघेल. उदाहरणं ताईची, मान्य. पहिली तीन प्रकरणं वहीतली, मान्य. पण चौथं प्रकरण मी लिहिलं होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पहाटे उठून. ते उघडलं आणि पहिल्याच परिच्छेदाशी थबकले. 'समासात लिहिणारा माणूस उत्तराची अपेक्षा करत नाही, सोबतीची करतो.' ही तर ताई भांडी विसळताना म्हणाली होती. मी ताटं पुसत होते. टिंब केलं. पुढच्या पानावर आणखी एक. मग तर्कच तिचा, नुसती वाक्यं माझी, तिथे काय करायचं? भाचीला विचारलं. ती म्हणाली, "तू शिकवतेस ना? तूच सांग." टिंब केलं.

काही वाक्यांपाशी खरंच आठवेना, ही ती बोलली की मी. सोळा वर्षं मी ती माझी म्हणून व्याख्यानांत म्हटलीत. मी आठवायचा प्रयत्न केला की कानात आवाज यायचा तो माझाच. तिचा आवाज मला आठवत नाही, हे आज कळलं. तिथेही टिंब केलं.

समारोप संपला तेव्हा उन्हं टेबलावरून खाली गेली होती. भाची एकेक पान उलटून बघत होती. टिंब नसलेलं पान शोधत होती. एकच सापडलं, अगदी सुरुवातीचं, ऋणनिर्देशाचं. मार्गदर्शकांचे आभार, सहकाऱ्यांचे, टंकलेखकाचे, आणि शेवटी 'माझ्या छोट्या भाचीचे, जिनं मावशीला वेळ दिला'.

तिनं ते दोनदा वाचलं.

"यात आई नाही."

"नाही."

"हे तिनं सांगितलेलं? वहीत होतं?"

"नाही. हे मीच लिहिलं."

"हं," ती म्हणाली. "म्हणजे हे तुझं."